पहिला होकार आलाय, पण प्रीमियर एकदाच होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा पहिला मराठी चित्रपट तयार आहे, ९२ मिनिटांचा. एसटीत कंडक्टर असलेली आई आणि तिची बारा वर्षांची मुलगी यांची गोष्ट. अमेरिकेतल्या एका छोट्या महोत्सवाने निवड झाल्याचं कळवलंय आणि पाच दिवसांत होकार मागितलाय. बर्लिन महोत्सवालाही पाठवलाय, तिथलं उत्तर अजून आलेलं नाही. होकार देऊन टाकू का? मित्र म्हणतात मोठ्या महोत्सवांत सगळं सेटिंग असतं, उगाच वाट बघू नकोस. आणखी एक जण म्हणतो पैसे भरले तर कान्समध्ये दाखवता येतो. हे खरं आहे का?"

आज होकार देऊ नका आणि नकारही कळवू नका. या पाच दिवसांत काय करायचं ते शेवटी लिहितो. पण आधी कारण समजून घ्या, कारण हा निर्णय नंतर फिरवता येत नाही.

महोत्सवांच्या जगात चित्रपटाचा पहिला खेळ एकदाच खर्च होतो. जगात कुठेही तो पहिल्यांदा दाखवला की झाला वर्ल्ड प्रीमियर. आपल्या देशात दाखवून झाल्यावर देशाबाहेर पहिल्यांदा दाखवला तर इंटरनॅशनल प्रीमियर. मग युरोपियन, आशियाई, अशा पायऱ्या उतरत जातात, आणि एकदा उतरलेली पायरी परत चढता येत नाही. कान्स आणि व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेतले जवळजवळ सगळे चित्रपट तिथेच जगात पहिल्यांदा दिसतात. बर्लिनची मुख्य स्पर्धा किमान इंटरनॅशनल प्रीमियर मागते. म्हणजे तुमचा चित्रपट आधी पुण्यात किंवा गोव्यात दाखवला गेला तरी तेवढ्याने ते दार बंद होत नाही. अमेरिकेतल्या दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात एक खेळ झाला, तर मात्र होतं. स्पर्धेचे नियम सगळ्यात कडक असतात, बाकीचे विभाग थोडीफार सूट देतात. पण सूट असली तरी एकाच तोडीचे दोन चित्रपट समोर आले की कुठेच न दाखवलेला पुढे जातो, हे मी दरवर्षी बघतो.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, ती म्हणजे त्या अमेरिकी महोत्सवाची तारीख. सगळा पेच तिथे आहे. बर्लिन फेब्रुवारीत असतो. तो महोत्सव मार्च-एप्रिलमध्ये असेल, तर अडचण फक्त घोषणेची उरते. खेळ नंतर असला तरी त्यांनी आत्ताच 'वर्ल्ड प्रीमियर' असं छापून यादी जाहीर केली, की तुमचा चित्रपट त्या नावावर बांधला गेला. जानेवारीत असेल, तर मात्र खरोखर निवड करावी लागेल.

आता सेटिंगबद्दल. मी गेली १८ वर्षं देशातल्या आणि बाहेरच्या महोत्सवांसाठी चित्रपट निवडण्याचं काम करतोय. पहिल्या फेरीत आलेल्या चित्रपटांच्या ऑनलाइन लिंक बघणाऱ्यांपैकी एक म्हणून सुरुवात केली, आता अंतिम यादीच्या बैठकीत बसतो. ओळखींना काही अर्थ नसतो असं मी म्हणणार नाही. पण ओळख म्हणजे काय आणि ती कुठे होते, याबद्दल आपल्याकडे फार चुकीच्या कल्पना आहेत.

आधी आकडे. कान्सकडे दरवर्षी २,००० हून जास्त पूर्ण लांबीचे चित्रपट येतात आणि मुख्य स्पर्धेत जागा असतात वीस-बावीस. एवढे चित्रपट एक माणूस बघू शकत नाही. म्हणून पहिली चाळणी अनेकांची असते: प्रत्येक चित्रपट निदान दोघांनी बघायचा, प्रत्येकाने स्वतंत्र टिपण लिहायचं, एकालाही तो सोडवत नसेल तर वर पाठवायचा. आमच्या समितीत नियम होता की पहिली ३० मिनिटं पूर्ण झाल्याशिवाय चित्रपट बंद करायचा नाही. सगळीकडे असा नियम नसतो. म्हणून निवेदन, नकाशा आणि ड्रोनचे शॉट यांत पहिली आठ मिनिटं घालवू नका, हे मी प्रत्येक नव्या दिग्दर्शकाला कळकळीने सांगतो. तुमची कंडक्टर पहिल्या दोन मिनिटांत दिसली पाहिजे, तिच्या हातात तिकिटाचं मशीन असलं पाहिजे, आणि बसमध्ये उभं राहायला जागा नसली पाहिजे.

अंतिम बैठक कशी असते त्याचं एक उदाहरण देतो. एका वर्षी स्पर्धेत १४ जागा होत्या आणि फळ्यावर १९ चिठ्ठ्या उरल्या होत्या. संध्याकाळचे सात वाजून गेलेले. त्या १९ मध्ये आजोबा आणि नातू यांच्या दोन गोष्टी होत्या, दोन वेगळ्या देशांतल्या. एक १४८ मिनिटांची, दुसरी ८८ मिनिटांची. लांबलेली गोष्ट मला जास्त खोल वाटत होती. तिच्यात आजोबा न बोलता नातवाच्या चपलेचा अंगठा शिवत बसतात असं दृश्य होतं, ते मला आजही आठवतं. मी तासभर भांडलो. पण दोन आजोबा एका स्पर्धेत नको, आणि १४८ मिनिटांचा चित्रपट घेतला तर त्या पडद्यावरचा दिवसाचा एक पूर्ण खेळ कमी होतो, असं गणित पडलं. छोटा चित्रपट आत गेला. मोठ्याच्या दिग्दर्शकाला जे पत्र गेलं त्यात यातलं काहीच नव्हतं. "यंदा खूप चांगले चित्रपट आले, त्यामुळे..." एवढंच. त्याने ते पत्र वाचून काय समजूत करून घेतली असेल, हा विचार मला अजून छळतो.

नकाराचं पत्र म्हणजे चित्रपटाला दिलेले गुण नसतात. महोत्सव म्हणजे दहा-बारा दिवसांचं एक वेळापत्रक आहे आणि निवड म्हणजे त्या वेळापत्रकातली जागा. त्या वर्षी आणखी काय आलंय, कुठला विषय दोनदा झालाय, पदार्पणाचे किती झाले, रात्री दहाच्या खेळाला काय चालेल, या सगळ्याने ती जागा ठरते.

ओळखीचं म्हणाल तर ती बहुतेक वेळा चित्रपट पूर्ण होण्याच्या आधी होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला पटकथेच्या टप्प्यावरच रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स फंडाची मदत मिळाली होती. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज या प्रयोगशाळेतून गेला आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला जागतिक कथापट स्पर्धेत ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या जोडीने २००७ पासून फिल्म बझार (आता नाव 'वेव्हज फिल्म बझार') भरतो. तिथे अर्धवट संपादित चित्रपट दाखवण्याची वर्क-इन-प्रोग्रेस लॅब आहे आणि व्ह्यूइंग रूममध्ये परदेशी प्रोग्रॅमर, म्हणजे महोत्सवांसाठी चित्रपट निवडणारे, कानाला हेडफोन लावून दिवसभर चित्रपट बघत बसलेले असतात. या ठिकाणी झालेली ओळख म्हणजे कुणीतरी तुमचं काम आधी बघितलंय, एवढंच. मित्र ज्याला सेटिंग म्हणतात त्यातलं बरंचसं हे असतं. या वेळी तुम्ही त्या वाटेने गेला नाहीत, हरकत नाही. पुढच्या चित्रपटाच्या वेळी पटकथेपासूनच जा.

'निवडलेला चित्रपट' या शब्दामागे नेमकं काय असतं तेही बघा, म्हणजे बर्लिनचं उत्तर आलं तर ते नीट वाचता येईल. एकाच महोत्सवात अनेक घरं असतात. कान्समध्ये मुख्य स्पर्धा आहे, 'अँ सर्तँ रगार' हा महोत्सवाचाच दुसरा विभाग आहे, आणि त्यांच्या शेजारीच पण वेगळ्या संस्थांनी चालवलेले दोन विभाग आहेत: समीक्षकांच्या संघटनेचा क्रिटिक्स वीक, १९६२ पासूनचा, जिथे दिग्दर्शकाचा पहिला किंवा दुसराच चित्रपट घेतात, आणि दिग्दर्शकांच्या संघटनेचा डायरेक्टर्स फोर्टनाइट, १९६९ पासूनचा. प्रत्येकाची निवड समिती वेगळी, अर्ज वेगळा, आवड वेगळी. बक्षिसांची नावंही जपून वाचावीत. 'नीचा नगर'ला १९४६ साली कान्समध्ये ग्रां प्री मिळालं तेव्हा ते सर्वोच्च पारितोषिक होतं आणि ११ चित्रपटांत विभागून दिलं होतं. पायल कपाडिया यांच्या चित्रपटाला २०२४ मध्ये मिळालेलं ग्रां प्री हे पाम दॉरनंतरचं दुसरं पारितोषिक. त्याआधी तीस वर्षं एकही भारतीय चित्रपट मुख्य स्पर्धेत आला नव्हता. आणि हो, निवड करणारे आणि बक्षीस देणारे कधीच एक नसतात. आमचं काम यादी जाहीर झाली की संपतं, पुढे परीक्षक मंडळ बाहेरून येतं.

तुमच्या चित्रपटासाठी सगळ्यात महत्त्वाचं घर बर्लिनचं 'जनरेशन' आहे, आणि तुम्ही अर्जात ते निवडलंय की नाही हे मला माहीत नाही. लहान मुलं आणि किशोरवयीन प्रेक्षकांसाठीचा हा विभाग. आपल्याकडे 'मुलांचा विभाग' म्हटलं की दिग्दर्शकाचं तोंड उतरतं, आपल्याला खालच्या वर्गात बसवलं असं वाटतं. हा समज सोडून द्या. मराठी चित्रपट बर्लिनला पोहोचला तो बहुतेक याच दाराने. उमेश कुलकर्णी यांची 'विहीर' २०१० मध्ये, अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१४ मध्ये, नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ मध्ये, अक्षय इंडीकर यांचं 'स्थलपुराण' २०२० मध्ये. 'किल्ला'ला तर मुलांच्याच परीक्षक मंडळाने क्रिस्टल बेअर हे या विभागाचं पारितोषिक दिलं. यातला एकही आपल्या अर्थाने बालचित्रपट नाही. 'सैराट' तिथे फेब्रुवारीत दाखवला गेला आणि एप्रिलच्या शेवटी आपल्याकडे थिएटरांत लागला, पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. मुलाच्या नजरेतून मोठ्यांचं जग दाखवणं मराठी सिनेमाला फार छान जमतं, आणि तिथले प्रोग्रॅमर हे ओळखून आहेत. तुमच्या गोष्टीत बारा वर्षांची मुलगी आहे. अर्जात विभागाची पसंती नोंदवायची सोय असेल आणि तुम्ही ती रिकामी ठेवली असेल, तर आजच एक छोटं पत्र पाठवून ती कळवा.

आणि मुख्य स्पर्धेत नाही म्हणून हळहळू नका. 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात होता, मुख्य स्पर्धेत नव्हता. त्या विभागातला सर्वोत्तम चित्रपट ठरला, शिवाय पदार्पणाचं पारितोषिकही मिळालं. त्याच दिग्दर्शकाचा 'द डिसायपल' २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि पटकथेचं पारितोषिक घेऊन आला. मधली सहा वर्षं तो महोत्सव त्या दिग्दर्शकाच्या पुढच्या कामाकडे डोळे लावून होता, असं मी नक्की म्हणेन. मराठीचं व्हेनिसशी नातं तर त्याच्याही खूप आधीचं आहे, प्रभातचा 'संत तुकाराम' तिथे १९३७ मध्ये गौरवला गेला.

कान्सला पैसे भरून दाखवण्याची गोष्ट. होय, दाखवता येतो. पण तो महोत्सव नाही, तो बाजार आहे. मार्शे द्यू फिल्म हा चित्रपटांच्या खरेदी-विक्रीचा बाजार १९५९ पासून महोत्सवाच्या जोडीने भरतो. तिथे कुणीही ठरलेलं भाडं भरून छोट्या सभागृहात आपला खेळ लावू शकतो. त्यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्र शासनही गेली काही वर्षं निवडक मराठी चित्रपट या बाजारात पाठवतं, आणि तो चांगला उपक्रम आहे. पण बाजारात जाऊन काम व्हायचं असेल तर खरेदीदारांच्या भेटी आधी ठरलेल्या लागतात, चित्रपटाचे हक्क विकून देणारा सेल्स एजंट लागतो. नाहीतर पंधरा खुर्च्यांच्या खोलीत तुम्ही, तुमचे निर्माते आणि वाट चुकून आलेला एक माणूस, एवढेच असता. आणि परत आल्यावर पोस्टरवर 'कान्समध्ये निवड' असं छापू नका. प्रोग्रॅमर ते दोन मिनिटांत तपासतात, आणि खोटं सापडलं की पुढचा चित्रपट संशयानेच बघितला जातो.

दर महिन्याला चाळीस गटांत बक्षिसं वाटणारे, प्रत्यक्ष खेळ न लावणारे, प्रवेश शुल्कावर चालणारे 'आंतरराष्ट्रीय महोत्सव' इंटरनेटवर शेकड्याने आहेत. ओळखायचे कसे? मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागा: कुठलं सभागृह, किती वाजता, कुठला चित्रपट. ते दाखवता येत नसेल तर तिथे एक रुपयाही घालू नका. तुम्हाला होकार देणारा महोत्सव यातला नाही ना, तेवढं आजच तपासा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, पण माझ्या मते जे सगळ्यात जास्त मराठी चित्रपटांना मागे ठेवतं, ते सांगतो: सबटायटल. मराठी संवाद जिवंत असतात आणि खाली इंग्रजीत मेलेल्या ओळी पळत असतात. परदेशी प्रोग्रॅमर त्या ओळीच बघतो, त्याच्यासाठी तेच तुमचे संवाद. काही वर्षांपूर्वी एका चित्रपटात मुलगी घर सोडून निघते आणि दारातून आईला म्हणते, "येते मी." खाली ओळ आली: 'आय ॲम कमिंग.' शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने मला विचारलं, ही आत येतेय की बाहेर चाललीय? निघताना 'जाते' म्हणायचं नसतं म्हणून आपण 'येते' म्हणतो, आणि ती परत येणार नाही हे आईलाही कळलंय, म्हणून त्या दोन शब्दांत सगळा चित्रपट होता. तो सगळा त्या ओळीत गेला. तिथे साधं 'बाय, आई' असतं तरी चाललं असतं.

याच्या उलट एक उदाहरण. एका कारखान्यातला कारकून संपूर्ण चित्रपटभर मालकाशी 'साहेब, तुम्ही' असं बोलतो आणि शेवटी एकदाच म्हणतो, "तू बस." मराठी प्रेक्षक त्या जागी श्वास रोखतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'. त्या अनुवादकाने काय केलं, तर आधीच्या प्रत्येक संवादात 'सर' ठेवलं, जिथे मूळ ओळीत 'साहेब' नव्हतं तिथेही, आणि त्या एका ओळीत मालकाला पहिल्या नावाने हाक मारायला लावली. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं असे सहाजण बैठकीत त्या ओळीवर एकदम सरसावून बसले. असा अनुवादक शोधा. तो मराठी घरात वाढलेला हवा आणि रोज इंग्रजी वाचणारा हवा. तुमच्या चित्रपटात बसमधली बोली आहे, 'पुढं सरका की वो' आहे, 'अहो ताई' आहे. तिथे शब्दाला शब्द ठेवत गेलात तर सगळं सपाट होईल. अनुवाद झाला की मराठी न येणाऱ्या एका माणसाला आवाज बंद करून पूर्ण चित्रपट दाखवा आणि कुठे अडखळला ते लिहून घ्या. याला एक दुपार लागते.

आता हे पाच दिवस. आज रात्री त्या महोत्सवाला पत्र लिहा: निवडीबद्दल मनापासून आभार, आणि तीन प्रश्न. खेळ कोणत्या तारखेला? यादी कधी जाहीर होणार? प्रीमियरची अट काय? याशिवाय उत्तरासाठी दहा दिवस जास्त मागा. अशी मुदत सगळेच मागतात, कुणी रागावत नाही. दुसरं पत्र उद्या सकाळी बर्लिनला: दुसरीकडून निमंत्रण आलंय, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, आमचा चित्रपट अजून विचारात आहे का? त्या महोत्सवाचं नाव लिहायची गरज नाही. हे पत्र उद्धट वाटेल असं समजू नका. आमच्याकडे दर हंगामात अशी पत्रं येतात आणि त्यामुळे बाजूला पडलेला चित्रपट पुन्हा उघडला जातो. 'अजून विचारात आहे' असं उत्तर आलं तर थांबा. सरळ 'नाही' आलं, किंवा मुदत संपेपर्यंत काहीच आलं नाही, आणि अमेरिकी महोत्सवाचे खेळ खरे असतील, सभागृह खरं असेल, तर आनंदाने जा. त्यांच्याकडून राहण्याची सोय आणि खेळानंतर प्रेक्षकांशी बोलायला निदान अर्धा तास, एवढं मागून घ्या.

महोत्सवासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र आत्ताच काढायची घाई नाही, परदेशात ते लागत नाही आणि भारतातले महोत्सव केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, मात्र सबटायटल पुन्हा तपासून झाल्याशिवाय बनवू नका. नाहीतर दोनदा खर्च होतो. लिंक पाठवलेली असेल तर सुधारलेली सबटायटल त्याच लिंकवर चढवता येतात, आणि बर्लिनच्या लोकांनी ती अजून उघडली नसण्याची शक्यता बरीच आहे. आजच्या रात्री ते पहिलं पत्र गेलं की लगेच या कामाला बसा.